नातेवाइकांनी अर्ज करू नये

मार्लेना युर्कोनिसला कर्टिस युर्कोनिस स्मृती शिष्यवृत्ती मिळाली. चार हजार डॉलर, एकमताने.

हे झालेलं नाही. म्हणजे झालं, पण मग सगळ्यांनी मिळून ते झालं नाही असं ठरवलं आणि त्या ठरावाला रीतसर अनुमोदनही मिळालं. तेव्हा आपणही ते झालं नाही असंच धरून चालू. गावात सगळे तसंच धरून चालतात, आणि गावाचं काही बिघडलेलं नाही.

कर्टिस हा मार्लेनाचा थोरला भाऊ. शाळेच्या बँडमध्ये तो ट्युबा नावाचं भलंमोठं पितळी वाद्य वाजवायचा. वाजवायचा म्हणजे अंगाभोवती गुंडाळून उभा राहायचा. वाजवायचं काम शेजारचा करायचा. पेन्सिल्वेनियाच्या त्या कोळशाच्या पट्ट्यात कोळसा संपला, कंपन्या गेल्या, पण जाताना खड्डे न्यायचे विसरल्या. त्या खड्ड्यांत हिरवंगार पाणी साचतं आणि गावातली पोरं उन्हाळ्यात तिथे पोहायला जातात. तिथे जाऊ नका असं आईबाप सांगतात, तेही लहानपणी तिथेच पोहायला शिकलेले असतात. एका ऑगस्टमध्ये कर्टिसने कड्यावरून उडी मारली आणि तो वर आला नाही. पोरं हसत थांबली होती, कारण कर्टिस नेहमी उशिराच वर यायचा. तो सतरा वर्षांचा होता, मार्लेना दहा.

दुःखाचं काय करायचं हे त्या गावाला कळत नाही, म्हणून गाव बटाटे किसतं. अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये मोठ्या कढया चढतात, किसलेल्या बटाट्याची धिरडी, म्हणजे ब्लीनी, तेलात सुटतात आणि लोक कागदाच्या ताटल्या घेऊन रांगेत उभे राहतात. कोणाचं घर जळलं तर ब्लीनी, कोणाला कर्करोग झाला तर ब्लीनी. कर्टिससाठी इतक्या ब्लीनी खपल्या की अंत्यविधीचं बिल भागूनही पैसे उरले. उरलेल्या पैशांचं काय करायचं यावर दलाचे प्रमुख अँडी गुडिनस, गावाचे गुडिनसकाका, म्हणाले, "त्याच्या नावाने शिष्यवृत्ती काढू. गरजू पोरांना."

गावातल्या वकिलाने अटी फुकट लिहून दिल्या. फुकट असल्यामुळे त्याने भरपूर लिहिल्या. पहिली अट, वर्गात सरासरी नव्वद टक्के हवेत. कर्टिसला नव्वद टक्के आयुष्यात एकदाच मिळाले होते, तेही हजेरीत, आणि ती नंतर दुसऱ्या कर्टिसची निघाली. शेवटची अट, समिती सदस्यांच्या नातेवाइकांनी अर्ज करू नये. नाहीतर सरकार करमाफी काढून घेईल. समितीत कर्टिसची आई रोझॅन होती. अटी मोठ्याने वाचून दाखवल्या तेव्हा मार्लेना त्याच खोलीत कांदे सोलत बसली होती. तिच्याकडे कोणी पाहिलं नाही. दहा वर्षांच्या मुलीला कॉलेजचं काय करायचंय?

मग ती सतरा वर्षांची झाली. यात तिचा काही दोष नव्हता.

तिला राज्य विद्यापीठात प्रवेश मिळाला. बोलताना अडखळणाऱ्या मुलांना बोलायला शिकवणं हा तिचा विषय. सरकारी अनुदान मिळालं, विद्यापीठाने आपल्या पदरचंही दिलं, थोडं कर्ज झालं, आणि तरी साडेतीन हजार कमी पडले. हे साडेतीन हजार आईने द्यायचे असं सरकारच्या हिशोबात बसत होतं. रोझॅन महामार्गालगतच्या गोदामात खोकी भरायची, जादा पाळ्या करायची, त्यामुळे कागदावर ती बऱ्यापैकी सुखवस्तू दिसायची. जादा पाळ्यांचे पैसे कुठे जातात हे कागद विचारत नव्हता. ते कर्टिसच्या निधीत जायचे. ब्लीनी कमी खपल्या की रोझॅन स्वतःची भर घालायची, कारण शिष्यवृत्तीची रक्कम एखाद्या वर्षी उतरली तर लोक म्हणतील, विसरत चालले.

"मग आपण बाहेरून आणू," वेट्झेलसर म्हणाले. ते शाळेचे सल्लागार, कुस्तीचे प्रशिक्षकही तेच, त्यामुळे त्यांचा सल्ला नेहमी समोरच्याला खाली पाडायच्या बेताचा असायचा. "या देशात प्रत्येक गोष्टीसाठी शिष्यवृत्ती आहे. फक्त आपण ती गोष्ट असायला हवं. तू डावखुरी आहेस का?"

"नाही, सर."

"होता येईल का?"

मार्लेनाने हिवाळाभर अर्ज केले. उंच मुलींसाठी एक होती, तिथे ती दोन इंचांनी कमी पडली. बदकाचा आवाज हुबेहूब काढणाऱ्यांसाठी एक होती. तिने मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करून पाठवला. 'आमच्या परीक्षकांना हंस ऐकू आला' असं सौजन्यपूर्ण उत्तर आलं. लिथुआनियन वंशाच्या मुलांसाठी एक होती, तिला आपल्या चर्चच्या पाद्र्याची सही लागत होती. पण चर्च बिशपने बंद करून विकलं होतं आणि तिथे आता गालिच्यांचं दुकान होतं. मार्लेना तिथे गेली. गालिचेवाल्याने आनंदाने सही केली, वर 'मुलगी चांगली आहे, तिची आई नेहमी उधारी फेडते' असा शेराही मारला. संस्थेने नव्या पाद्र्याला शुभेच्छा कळवल्या आणि पैसे ओहायोतल्या एका मुलाला दिले.

शेवटी रस्ते बांधणाऱ्यांच्या संघटनेने तिच्या 'डांबर आणि माझं भविष्य' या निबंधाला पाचशे डॉलर दिले. घरी केक आला. रोझॅनने तिला मिठी मारली आणि मारता मारता भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाळीची वेळ झाली होती.

आठवड्याभरात विद्यापीठाचं पत्र आलं. बाहेरची शिष्यवृत्ती मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. त्यामुळे आपली गरज पाचशेने कमी झाल्याचं लक्षात आल्यावरून आम्ही आमचं अनुदान पाचशेने कमी करत आहोत.

"म्हणजे मी डांबरावर तीन पानं लिहून त्यांचे पाचशे वाचवले," मार्लेना म्हणाली.

वेट्झेलसरांनी पत्र दोनदा वाचलं, उलटं करून मागे काही आहे का तेही पाहिलं. "असं करतात ते. नियमच आहे. बाहेरची शिष्यवृत्ती थेट कॉलेजच्या नावाने जाते ना, ते तिथेच कापून घेतात." त्यांनी टेबलावरची शिट्टी उचलली, ठेवली. "तुला अशी हवी जिचा चेक हातात देतात. आख्ख्या तालुक्यात तशी एकच आहे."

मार्लेनाने विचारलं नाही कोणती. सात वर्षं ती त्याच शिष्यवृत्तीसाठी बटाटे किसत होती. बोटांच्या पेरांवर अजून खुणा होत्या.

"मला अर्ज करता येत नाही, सर."

"नाही येत," सर म्हणाले. "पण अर्जांवरची नावं काळ्या शाईने मी झाकतो. निबंधांना आकडे घालून समितीकडे मीच पाठवतो. आणि कोणी जास्तीचा कागद माझ्या टेबलावर विसरून गेलं, तर मी म्हातारा माणूस आहे." ते पंचेचाळीसचे होते.

"आणि जिंकले तर?"

"तर मग त्यांना तुझ्या तोंडावर नाही म्हणावं लागेल. कागदावर नाही म्हणणं सोपं असतं. तोंडावर म्हणायला तुझी आई धजणार नाही."

विषय दरवर्षीचाच होता, 'माझ्या वाटेतली अडचण'. मार्लेनाने लिहिताना कर्टिसचं नाव घेतलं नाही, पाण्याचं घेतलं नाही, बटाट्याचं तर नाहीच. तिने लिहिलं की आमच्या घरात दोन माणसं राहतात आणि दोघी एकमेकींची झोप मोडू नये म्हणून दिवसासुद्धा दबकत चालतात. लिहिलं की माझी आई स्वयंपाक तिघांचा करते. पहिल्या दिवशी आम्ही दोघांचा वाटा खातो आणि दुसऱ्या दिवशी तिसऱ्याचा, त्यामुळे घरात दर दुसऱ्या दिवशी शिळं असतं आणि आम्ही त्याला शिळं म्हणत नाही. लिहिलं की माझी आई रोज विचारते, शाळा कशी झाली, आणि उत्तराच्या आधी उठते. मी उत्तरं साठवून ठेवली आहेत. मला बोलायला न येणाऱ्या मुलांबरोबर काम करायचंय, कारण समोरच्याने थांबून ऐकलं तर माणूस काय काय बोलेल, याची मला फार उत्सुकता आहे.

ते टाइप करून ती वेट्झेलसरांच्या टेबलावर विसरली.

निबंध आले तेव्हा रोझॅनला सुट्टी होती. दरवर्षी ती ते स्वयंपाकघरात मोठ्याने वाचायची आणि मार्लेना समोर बसून काहीतरी सोलत ऐकायची. पहिल्यात एकाचा गुडघा होता, दुसऱ्यात आजीचा मधुमेह. तिसऱ्यात ब्रेंट हॉलेनबाख नावाच्या मुलाने आपलं नाव निबंधातच चार वेळा लिहिलं होतं, त्यामुळे काळ्या शाईचा उपयोग झाला नाही. वडील पाठदुखीने घरी, ब्रेंट पहाटे दूध टाकायचा. चांगला मुलगा होता. मार्लेनालाही तो आवडायचा, हे आणखी वाईट.

मग रोझॅनने पाचवा उचलला. दोन ओळी मोठ्याने वाचल्या आणि पुढे मनात वाचू लागली. असं ती कधी करत नसे. मार्लेनाच्या हातातलं गाजर सोलून सोलून पेन्सिलीएवढं झालं.

"काय गं?"

"थांब जरा," रोझॅन म्हणाली. तिने कागद खाली ठेवला, चष्मा काढला, कागदाच्या रुमालाने डोळे पुसले. सात वर्षांत मार्लेनाने तिला कर्टिससाठी रडताना पाहिलं होतं, गोदामातल्या एका मुकादमामुळे रडताना पाहिलं होतं. ही तिसरी तऱ्हा होती.

"कोणाची पोर असेल ही," रोझॅन म्हणाली. "बिचारी. एवढी गुणी पोर, आणि घरात तिच्याशी बोलायला कोणी नाही."

"आई आहे की तिला."

"कसली आई ती." रोझॅनने कागदावर बोट आपटलं. "उत्तराच्या आधी उठते म्हणे. तिच्या खांद्यांना धरून कोणीतरी खाली बसवायला हवं त्या बाईला. मी भेटले ना, तर सांगेन."

"काय सांगशील?"

"सांगेन, बाई, तुझी पोर जिवंत आहे अजून. बघ तिच्याकडे."

मार्लेना गाजराकडे बघत राहिली. सांगायचं तर हीच वेळ होती. ती तोंड उघडणार, तेवढ्यात रोझॅनने तिच्या डोक्यावर हात ठेवला, प्रेमाने, खरंच प्रेमाने, आणि विचारलं, "तुझी शाळा कशी झाली आज?" आणि गॅसवरचं भांडं बघायला उठली.

समितीची बैठक अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये, पाण्याच्या बंबाशेजारी भरली. तिसऱ्या सदस्य बँडच्या निवृत्त शिक्षिका स्ट्राउसबाई. त्यांना एका कानाने ऐकू येत नसे आणि दुसऱ्याने त्या ऐकत नसत. मार्लेना कॉफी द्यायला होती. दरवर्षी तीच असायची.

"पाच नंबर," रोझॅन म्हणाली. "माझं दुसरं मत नाही. चर्चाही नको."

"मलाही पाचच," गुडिनसकाका म्हणाले. "मी गाडीत वाचला, मला गाडी बाजूला घ्यावी लागली."

"मला सगळेच आवडले," स्ट्राउसबाई म्हणाल्या. हे एकमत धरण्यात आलं.

काकांनी सरांचं पाकीट फोडलं, आकड्यांसमोरची नावं पाहिली आणि बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी कागद रोझॅनकडे सरकवला. आगीत शिरणारा माणूस, पण त्या कागदाशी त्यांना पुन्हा हात लावायचा नव्हता.

रोझॅनने वाचलं. कागदावरून नजर उचलली ती बंबाच्या नळीवर ठेवली. मार्लेना कॉफीचं भांडं घेऊन तिथून दहा पावलांवर उभी होती.

"नियम आहे," रोझॅन म्हणाली.

"रोझ, नियम आपलाच आहे. तिघं आहोत आपण. पाहिजे तर आत्ता खोडतो मी."

"आपला नाही. वकिलाने लिहिलाय. युर्कोनिसने युर्कोनिसला पैसे दिले तर उद्या करमाफी जाईल. परवा लोक म्हणतील, बाईने पोराच्या नावावर पोरीचं साधलं. मग पुढच्या वर्षी कोण बटाटे किसायला येणार आहे?"

"एक वर्ष नाही आले तर नाही आले."

"बंद पडेल ते, अँडी." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "ते बंद पडलं की दरवर्षी त्याचं नाव मोठ्याने घेणारं कोणी उरत नाही. मी घरी घेतलं तर ते वेगळं. माइकवर कोण घेणार?"

"पण तुझी लेक, रोझ—"

"तिला कळतं," रोझॅन म्हणाली. "ती समजूतदार आहे."

स्ट्राउसबाईंनी विचारलं, जिंकलं कोण. कोणी सांगितलं नाही. मग ठराव झाला की पहिलं मतदान घेतलं गेलं नाही असं समजावं. त्यावर बाईंनी अनुमोदन दिलं आणि मार्लेनाने त्यांना कॉफी दिली. दुसऱ्या मतदानात, जे पहिलंच होतं, ब्रेंट हॉलेनबाख निवडून आला.

शाळेच्या व्यायामशाळेतल्या बक्षीस समारंभाला चेक नेहमीसारखा दारभर लांबीचा, पुठ्ठ्याचा होता. रोझॅनचा एक खांदा खोक्यांनी गेलेला, त्यामुळे चेकचं दुसरं टोक दरवर्षी मार्लेना धरायची. यंदाही तिने धरलं. रोझॅन माइकसमोर गेली, कर्टिसचं पूर्ण नाव म्हणाली, मधलं नावसुद्धा, आणि ते लाउडस्पीकरमधून व्यायामशाळेच्या भिंतींवर आपटून परत आलं. त्या एका क्षणी तिचा चेहरा मार्लेनाला आठवत होता तसा व्हायचा, जुना. मार्लेना वर्षभर त्या क्षणाची वाट बघायची. यंदा तिच्या लक्षात आलं की या एवढ्याच्या बदल्यात तिनेही कदाचित हेच मत दिलं असतं. हे लक्षात आलं नसतं तर बरं झालं असतं.

ब्रेंटने चेक घेताना पुठ्ठ्याआडून विचारलं, "तुला पण मिळाली ना कुठलीतरी?"

"डांबराची," मार्लेना म्हणाली.

परतताना रोझॅन गाडी चालवत होती. गोदामांचे दिवे मागे पडले, गालिच्यांचं चर्च मागे पडलं.

"तो पाचवा निबंध," रोझॅन म्हणाली. "ज्या मुलीने लिहिला होता."

"हं."

"छान लिहिलं होतं तिने."

"भेटली तर सांगेन तिला."

रोझॅनने मान हलवली. पुढच्या वळणावर तिने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, दोन्ही हात चाकावर ठेवून बसली. मार्लेना थांबली. तिच्याकडे सात वर्षांची उत्तरं होती. कोणतं आधी द्यायचं ते ती निवडत होती. रोझॅनने श्वास घेतला आणि म्हणाली, "ब्रेंट कर्टिससारखा हसतो, नाही का?"

"हो," मार्लेना म्हणाली. "थोडासा."

मग गाडी सुरू झाली.

सोमवारी वेट्झेलसरांनी आधी माफी मागितली. मग शेवटचा डाव सांगितला: सरकार आईचे साडेतीन हजार मोजतं, कारण मार्लेना आईवर अवलंबून आहे असं ते धरतं. स्वतंत्र ठरली, तर आईचं उत्पन्न हिशोबातून जाईल आणि अनुदान वाढेल.

"स्वतंत्र कोण असतं?"

"आईबाप वारलेले. सैन्यात गेलेले. कोर्टाच्या ताब्यातले." सरांनी एकेक बोट दुमडलं. "आणि लग्न झालेले. लग्न करतेस का? नवरा असला की आई मोजत नाहीत."

"कोणाशी, सर?"

"ब्रेंटकडे चार हजार आहेत."

दोघंही हसले नाहीत, पण हसण्याइतका वेळ जाऊ दिला.

"आई जिवंत आहे, एकाच घरात आहे, फक्त देत नाही, यावर ते कधीच हो म्हणत नाहीत," सर म्हणाले. "वीस वर्षांत एकदाही नाही. तरी लिही. पत्र कॉलेजच्या मदत कार्यालयाला जातं. सरकारी भाषेत लिही, रडू नकोस, त्यांना रडण्याचे कागद रोज येतात."

मार्लेनाने ते तिथेच, कुस्तीच्या ढालींखाली बसून लिहिलं.

*विषय: अर्जदारास स्वतंत्र विद्यार्थी मानण्याबाबत.*

*महोदय,*

*अर्जदाराची आई हयात असून अर्जदाराच्याच पत्त्यावर राहते. तिची प्रकृती ठीक आहे. तिच्या वागणुकीबद्दल अर्जदाराची कोणतीही तक्रार नाही. तथापि, गेली सात वर्षे ती पूर्णवेळ आपल्या दुसऱ्या अपत्याकडे असते, व सदर अपत्याचा पत्ता आपल्या छापील नमुन्यात बसत नाही.*

*सबब, आई परत येईपर्यंतच्या काळापुरते अर्जदारास आई नाही असे धरण्यात यावे. तसेच, दरम्यानच्या काळात आई परत आल्याचे आपल्या कार्यालयाच्या निदर्शनास आल्यास हा अर्ज रद्द समजावा, अनुदान परत घ्यावे, आणि अर्जदारास त्याच दिवशी, शक्य असल्यास दूरध्वनीने, कळवावे, ही विनंती.*